मोजल्याशिवाय सुटू नये असं कोडं: तीन ते सहा वर्षांच्या मुलांची अंकओळख, घरच्या घरी

बाजारातून अंकांचं लाकडी पझल येतं. आठ दिवसांत मूल एक ते दहा सगळे अंक पटापट खाचेत बसवायला लागतं आणि नातेवाइकांत जाहीर होतं, की पिल्लूला दहापर्यंत आकडे येतात. पुढे शाळेत बाई म्हणतात, "चार खडू आण," तर ते ओंजळभर खडू घेऊन येतं.

यात मुलाचं काही चुकलेलं नाही. सातच्या खाचेत सातचाच तुकडा बसतो, म्हणून ते आकार बघून बसवत होतं. त्या पझलने संख्येबद्दल त्याला काही विचारलंच नव्हतं. एका तुकड्यावर ५, दुसऱ्यावर पाच आंबे आणि मध्ये दातेरी काप, अशा जोड्यांचीही तीच गत: दाते जुळले की जोडी जमली. हत्तीच्या चित्राच्या दहा उभ्या पट्ट्या आणि खाली १ ते १० असतात, तिथे मूल सोंडेशी तोंड जुळवतं, आकड्याकडे बघतही नाही. ही पझलं टाकून देऊ नका, त्यांचं काम वेगळं आहे, त्यावर पुढे येते. पण मोजणं शिकवायचं असेल तर कोडं असं हवं, की मोजल्याशिवाय ते सुटूच नये. खालचे सगळे टप्पे या एका अटीवर बेतलेले आहेत.

तयारी

महागडं काही लागत नाही. जुन्या लग्नपत्रिका काढा. जाड, गुळगुळीत आणि इंदूरच्या आपल्या घरांत त्यांना तोटा नसतो. नसतील तर खजुरी बाजारातून पांढरं कार्डशीट आणा. एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या टिकल्यांची दोन-तीन पाकिटं, पंचवीसेक चिंचोके, चार कवड्या, आइसक्रीमच्या काड्या, रबरबँड, आप्पेपात्र, एक वाटी आणि काठ असलेलं मोठं ताट. ताट हवंच. तुकडे सोफ्याखाली गेले की खेळ तिथेच संपतो.

कार्डं चार बोटं लांब, चार बोटं रुंद अशी एका मापाची कापा, पट्टी धरून, सरळ रेषेत. ठिपके पेनने काढण्यापेक्षा टिकल्या चिकटवा; मुलं त्यावर बोट ठेवून मोजतात आणि बोटाला ठिपका लागतो. पत्रिकेच्या मागे नक्षी किंवा मजकूर छापलेला असेल तर तिथे कोरा कागद डकवा. गणपतीचा अर्धा कान दिसला तरी मूल तेवढ्यावर जोडी लावतं, मोजायच्या भानगडीत पडत नाही.

सावधान: तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर चिंचोके, बटणं, कवड्या त्याच्या हाती लागू देऊ नका. साधारण सव्वा इंच रुंदीच्या नळीत मावेल अशी कुठलीही वस्तू त्या वयात घशात अडकू शकते, आणि चिंचोका नाकात घालायची हौस तर मोठ्या मुलांनाही असते. फ्रिजवर चिकटणाऱ्या अंकांतलं लोहचुंबक सुटं झालं असेल तर तो अंक आधी टाकून द्या. दोन चुंबकं पोटात गेली तर आतडी मध्ये धरून एकमेकांना ओढतात. विकतचं खेळणं घेताना आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे, तरी सुट्या विक्रीत बिनचिन्हाचा माल सापडतो.

वेळ दहा मिनिटं, फार तर पंधरा. जेवणाआधी किंवा झोपेच्या वेळेला नको.

टप्पा १: आधी चाचपणी करा

बहुतेक घरांत हीच पायरी गाळली जाते. मूल 'एक-दोन-तीन' दहापर्यंत म्हणतं, ते बडबडगीतासारखं पाठ असू शकतं. म्हणून ताटात दहा-बारा चिंचोके ठेवा आणि मागा: "मला एक दे." मग "दोन दे." मग "तीन दे." मध्ये सगळे परत ताटात टाका. 'इतके दे' अशी ही चाचणी मानसशास्त्रज्ञ कॅरेन विन यांनी १९९० च्या सुमारास मुलांवरच्या अभ्यासात वापरली. त्यातून दिसलं ते असं, की मुलांना आधी एक कळतो, मग काही महिन्यांनी दोन, मग तीन, आणि साधारण साडेतीन-चारच्या आसपास मोजणीची युक्ती एकदम उलगडते.

चाचणी कशी दिसते बघा. चार वर्षांची मुलगी, समोर बटणं.

"सई, मला पाच दे."

ती मूठ भरून देते.

"हे पाच आहेत का? मोज बरं."

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात." बोट प्रत्येक बटणावर नीट पडतं.

"मग पाच आहेत?"

"हो काकू."

हिला मोजता येतं, पण मोजणीचा शेवटचा शब्द म्हणजे 'एकूण किती' हे अजून जुळलेलं नाही. हिला टप्पा ५ च्या अंकजोड्या दिल्या तर ती अंदाजाने खेळेल.

तपासा: मागितलेली संख्या तीन वेळांपैकी दोनदा बरोबर दिली, तर ती त्याला येते असं धरा. जिथे अडतं, तिथून एक पायरी अलीकडे सुरुवात करा. तीन अडत असेल तर कोडी १ ते ३ च्या आतच. पाच-सहा वर्षांच्या बालवाटिकेच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' मोहिमेचं अंक ओळखण्या-वाचण्याचं ध्येयही १० पर्यंतच आहे. शेजारच्या आर्यनला शंभरपर्यंत येतात, तर येऊ देत.

टप्पा २: एकाला एक

आप्पेपात्र घ्या, सात खळग्यांचं असेल तर उत्तम. मुलाला चिंचोके द्या: प्रत्येक घरात एकच. काही न म्हणता बघा. कोणी एका घरात दोन टाकेल, कोणी मधलं घर विसरेल. रिकामं घर स्वतःच दिसतं, तुम्ही दाखवू नका.

ते जमलं की कोडं करा. सात घरं, पण मुद्दाम सहाच चिंचोके द्या, किंवा आठ द्या, आणि भरायच्या आधी विचारा, "पुरतील का?" हा प्रश्न भरून झाल्यावर विचारण्यात मजा नाही. मूल भरतं, एक उरतो, त्याचा चेहरा बदलतो. तेवढं या टप्प्याला पुरतं. आकड्याचं नावही घ्यायची गरज नाही.

टप्पा ३: बघताक्षणी ओळखणं, एक ते चार

तीन-चारपर्यंतच्या वस्तू आपण मोजत नाही, बघतो आणि कळतात. मुलांतही ही नजर असते, तिला सराव लागतो.

एक ते चार टिकल्यांची कार्डं करा, पण प्रत्येक संख्येची दोन आणि दोन्हींवर मांडणी निराळी. तीन एका कार्डावर आडव्या रेषेत, दुसऱ्यावर त्रिकोणात. चार एकावर चौकोनात, दुसऱ्यावर वेड्यावाकड्या. सगळी ताटात उताणी पसरा, जोड्या लावायच्या. मांडणी एकसारखी ठेवलीत तर मूल नक्षी जुळवेल आणि आपण परत दातेरी पझलपाशी येऊ.

दोन-तीन दिवसांनी खोडी करा: एका कार्डावर तीन मोठ्या टिकल्या, दुसऱ्यावर तीन बारीक, आणि तिसऱ्यावर चार बारीक. मोठ्या तिनांनी कार्ड जास्त भरलेलं दिसतं. मूल त्यांना 'जास्त' म्हणालं तर ते जागा बघतंय, संख्या नाही. रागावू नका, टिकल्यांवर एकेक चिंचोका ठेवायला सांगा आणि दोन्हीकडचे चिंचोके शेजारी शेजारी ओळीत मांडा.

टप्पा ४: 'मग किती?'

इथे घाई सगळ्यात महागात पडते. पाच चिंचोके मोजून झाले, की लगेच विचारा, "मग किती आहेत?" मूल पुन्हा एकपासून मोजायला लागलं, तर 'किती' म्हणजे त्याच्या लेखी 'मोज' अशी आज्ञा आहे.

यासाठी वाटीचं कोडं. मुलाला मोजून वाटीत टाकायला सांगा: "एक, दोन, तीन, चार." वाटी झाका. "आत किती?" मोजायला काही दिसत नाही, त्यामुळे शेवटचा शब्दच आठवावा लागतो. उत्तर आलं की झाकण काढा आणि दोघं मिळून बघा. चारवर पक्कं झालं की पाच, मग सहा.

तपासा: वाटीतले चिंचोके ताटात ओता आणि दुसऱ्या टोकाकडून मोजायला सांगा. विचारा, "इकडून मोजलं तर किती येतील?" ज्याला कळलं आहे ते मोजायच्या आधीच सांगतं. ज्याला नाही, ते मोजतं आणि तेवढेच आले म्हणून नवल करतं. त्या नवलाला वेळ द्या, उत्तर पुढे ढकलू नका.

घरातली मोठी माणसं इथे हमखास लुडबुड करतात. आजी हळूच बोटांनी चार दाखवते, दादा तर सरळ ओरडून सांगतो. दादाला पेला घेऊन दुसऱ्या खोलीत चार दाणे मोजायच्या कामगिरीवर पाठवा. आजीला सांगा, तुम्ही मुद्दाम चुकीचं मोजा, आणि नातवाला चूक पकडू द्या. "एक, दोन, चार..." म्हणणाऱ्या आजीला पकडण्यात मुलं जितकी शिकतात, तितकी स्वतः बरोबर मोजूनही शिकत नाहीत, असं माझं मत झालं आहे.

टप्पा ५: अंक आणि संख्या यांची जोडी

आता कुठे लिहिलेला अंक आणायचा. कार्डाच्या एका भागावर अंक, दुसऱ्यावर टिकल्या, आणि मधला काप सरळ. सगळे तुकडे एका मापाचे, एका रंगाचे. मुलाला टिकल्या मोजल्याशिवाय इथे गत्यंतर नाही.

पाच जोड्यांपेक्षा जास्त एका वेळी नको, आणि त्याही १ ते ५ अशा क्रमाने नको. २, ५, ३ पासून सुरू करा. क्रमाने दिल्या तर मूल शेवटची जोडी न मोजता लावतं. आणखी एक युक्ती: एक तुकडा जास्तीचा टाका, ज्याला जोडीदारच नाही. शेवटी एक उरतो, तेव्हा खरं मोजून झालंय की नुसतं संपवलंय ते कळतं.

कोणते अंक काढायचे? इंदूरमधल्या बहुतेक मुलांच्या शाळेत आंतरराष्ट्रीय अंक असतात आणि घरी आजोबा कॅलेंडरवरचे देवनागरी अंक वाचून दाखवतात. दोन्ही शिकायला हरकत नाही, पण एका ताटात नको. देवनागरी १ आणि इंग्रजीतला नऊ यांत मुलं हटकून गोंधळतात. शाळेचे अंक आधी पक्के होऊ द्या, देवनागरीचा संच दोनेक महिन्यांनी वेगळ्या पाकिटात करा.

भाषेचंही तसंच. घरी सात, गल्लीत सात, शाळेत सेव्हन. दहापर्यंत मराठी-हिंदीचा फारसा त्रास नाही. पण दहा मिनिटांच्या एका बैठकीत एकच भाषा ठेवा. "पाच म्हणजे फाइव्ह, फाइव्ह म्हणजे?" असं सुरू झालं की मोजणी बाजूला राहते आणि भाषांतराची परीक्षा सुरू होते.

टप्पा ६: क्रम

पट्ट्यांचं पझल करायचं तर त्यावर चित्र नको. कोऱ्या पट्ट्यांवर एक ते दहा टिकल्या उभ्या लावा, सगळ्या पट्ट्यांची उंची सारखी ठेवा. क्रमाने मांडल्यावर टिकल्यांचा जिना तयार होतो, आणि एखादी पट्टी चुकली तर जिन्यात खड्डा दिसतो. चुकीची खूण आपोआप मिळते, पण मांडून झाल्यावर, आधी नाही. हे महत्त्वाचं.

जमलं की तीन प्रकारे अवघड करा. मधली एक पट्टी लपवा आणि कोणती गेली ते ओळखायला सांगा. मग एकपासून न लावता चारपासून पुढे लावायला सांगा. इथे बरीच मुलं हळूच एकपासून पुटपुटून चारपर्यंत येतात, येऊ द्या. शेवटी दहापासून उलट.

ठिपक्यांची रांगोळी या टप्प्याला फार उपयोगी. 'पाच ते एक' म्हणजे मधल्या ओळीत पाच ठिपके, आणि वर-खाली चार, तीन, दोन, एक. अंगणात किंवा ताटात चिंचोक्यांनी मांडा, एखाद्या ओळीतला एक चिंचोका उचला, आणि मुलाला बिघडलेली ओळ शोधू द्या. दिवाळीच्या सुट्टीत हे मुलं तास तास करतात, दहा मिनिटांचा नियम तेव्हा सोडा.

टप्पा ७: फोड

पुढची सगळी बेरीज-वजाबाकी इथून निघते, म्हणून या टप्प्यावर सगळ्यात जास्त दिवस द्या. पाच म्हणजे तीन आणि दोन, चार आणि एक, हे मुलाला बोटं न मोडता दिसलं पाहिजे.

चार कवड्या घ्या. अष्टचल्लस खेळणाऱ्यांना दान मोजायची सवय असतेच. टाका: समजा तीन उताण्या, एक पालथी. "उताण्या किती? पालथ्या किती? सगळ्या मिळून किती?" तिसरा प्रश्न मुलाला आधी गंमतशीर वाटतो, कारण कवड्या बदललेल्या नसतात. काही मुलं तरी दर वेळी पुन्हा मोजतात. मोजू द्या.

मग कोडं. कवड्या टाका, पालथ्या पडलेल्या वाटीखाली झाका, उताण्या उघड्या ठेवा. "चार होत्या. एक दिसतेय. वाटीखाली किती?" मुलाने सांगितलं की त्यालाच वाटी उचलू द्या. बरोबर की चूक हे वाटीने सांगायचं, तुम्ही नाही. आपण "शाब्बास" किंवा "नाही गं" म्हणायला लागलो की मूल वाटीकडे न बघता आपल्या चेहऱ्याकडे बघून उत्तर शोधतं.

चार कवड्यांच्या फोडी पाच: शून्य-चार, एक-तीन, दोन-दोन, तीन-एक, चार-शून्य. प्रत्येक दानाचं एक कार्ड करा, पोकळ आणि भरीव गोल काढून. पाचही कार्डं मिळेपर्यंत खेळ चालू. चार-शून्य लवकर पडत नाही, आणि त्याची वाट बघताना बाकीच्या फोडी घोटून होतात. चारच्या झाल्या की पाचवी कवडी आणा, फोडी सहा होतात.

यानंतर दहाचा चौकट-तक्ता: दोन ओळी, प्रत्येकी पाच घरं. वरची ओळ आधी पूर्ण भरायची, मग खालची. सात टिकल्यांचं कार्ड दाखवून विचारा, "दहा व्हायला किती हव्यात?" रिकामी घरं तीन दिसतात. असा तक्ता भरायची शिस्त सुरुवातीपासून एकच ठेवा. कधी वरून, कधी कोपऱ्यातून भरलंत तर 'पाच आणि आणखी दोन' ही नजर बसत नाही.

सावधान: फोडीसाठी लांबीच्या पट्ट्या वापरू नका, म्हणजे तीनची आखूड, चारची लांब अशा. तो खेळ वेगळा आणि चांगलाच आहे, पण मूल पट्ट्या लांबीने जुळवतं. मोजलं की नाही ते त्यातून कळत नाही.

टप्पा ८: दहाच्या पुढे

पाचच्या फोडी तोंडावर आल्याशिवाय इकडे येऊ नका. दहा काड्या मोजून रबरबँडने जुडी बांधा; बांधायचं काम मुलालाच द्या. तेरा म्हणजे एक जुडी आणि तीन सुट्या. कोडं उलट्या बाजूनेही द्या: टेबलावर एक जुडी, सहा सुट्या, आणि तीन अंककार्डं, १६, ६१, १९. योग्य कोणतं? १६ आणि ६१ मुद्दाम एकत्र ठेवायचे.

आता भाषेचा त्रास सुरू होतो. एकोणीस आणि उन्नीस, एकोणतीस आणि उनतीस मुलांच्या डोक्यात एकमेकांवर आदळतात. काड्या समोर ठेवा आणि नाव कुठल्याही एका भाषेत घेऊ द्या. जुड्या बरोबर मांडल्या तर संख्या कळलेली आहे, नाव मागून येतं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा बरीच चेष्टा झाली. जुडी आणि सुट्या काड्या बोलून दाखवायला ती सोयीची आहे. खेळताना वापरून बघा.

मग विकतच्या पझलचं काय करायचं?

चित्रांची जिगसॉ, खाचेची लाकडी पाटी, टॅनग्रॅम (सात तुकड्यांतून आकृत्या रचायचं कोडं) हे आठवड्यातून एक-दोनदा वेगळे खेळा. शिकागो विद्यापीठातल्या सुझन लिव्हाइन आणि सहकाऱ्यांच्या २०१२ मधल्या अभ्यासात, दोन ते चार वर्षांच्या वयात घरी पझल खेळलेली मुलं साडेचारच्या सुमाराला आकार मनातल्या मनात फिरवण्याच्या चाचणीत पुढे दिसली. पझलमुळेच तसं झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण खेळायला कारण पुरेसं आहे. या वेळी शब्द वापरा: कड, कोपरा, उलटव, थोडं वळव, याच्या वर, त्याच्या मागे. तुकडा उचलून स्वतः बसवू नका, हात मांडीवर ठेवा. अंकांच्या लाकडी पाटीचा उपयोग वाढवायचा असेल तर खाचेत अंकाऐवजी तेवढे चिंचोके ठेवायला सांगा.

तुकडे ठेवताना

प्रत्येक कोडं वेगळ्या पाकिटात ठेवा. साडीच्या दुकानातल्या झिपच्या पिशव्या चांगल्या. तुकडे मिसळले तर ओळखू यावेत म्हणून मागे खूण करा, पण एका कोड्याच्या सगळ्या तुकड्यांवर एकच खूण, समजा लाल फुली. जोडीजोडीला वेगळी खूण केलीत तर दुसऱ्या दिवशी मूल तुकडे पालथे करून, मागच्या खुणा बघून जोड्या लावेल.